दादाच्या वाटणीचा माळ

वहिनीचं वर्षश्राद्ध व्हायच्या आतच दादानं माळावर जेसीबी घातला. मला हे त्यानं सांगितलं नाही, आक्कानं सांगितलं. आक्का म्हणजे दादाच्या गल्लीत म्हशी पाळणारी बाई, वहिनी लग्न होऊन आल्यापासूनची तिची मैत्रीण. ती सहसा फोन करत नाही. त्या दिवशी केला, आणि तब्येतपाणी काही न विचारता म्हणाली, "तुझ्या दादानं माळ सोलून काढलाय. एकदा येऊन बघून जा."

आमचं गाव गडमुडशिंगी. मी लग्नानंतर कोल्हापुरात राजारामपुरीत राहायला आले आणि तिथल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दादा माझ्याहून बराच मोठा, तो गावातच राहिला. त्याची सगळी नोकरी फाउंड्रीत गेली, मोल्डिंग खात्यात. दिवसभर साच्यात वाळू भरायची, ठोकायची, पुन्हा भरायची. घरी आला की त्याच्या कानांमागं काळी भुकटी असायची आणि वहिनी चहा द्यायच्या आधी त्याला न्हाणीकडं पिटाळायची. त्यांची मुलगी लग्न होऊन पुण्याला असते. रिटायर झाल्यावर काय काय करायचं, याच्या गप्पा दोघं बरीच वर्षं मारत होती. तो रिटायर झाला आणि थोड्याच दिवसांत वहिनीचं दुखणं निघालं. पुढचे दिवस दवाखान्यातच गेले.

माळ म्हणजे वडिलांच्या जमिनीतला दादाच्या वाटणीला आलेला वरचा तुकडा. खाली ऊस आणि उसाच्या वर, चढाला, हा माळ. वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ. तिथं कधी नांगर लागला नाही. पावसाळ्यात गवत कमरेला लागायचं, दिवाळीनंतर ते पिवळं पडलं की बायका कापायला जायच्या. वहिनी नवी होती तेव्हा मी शाळेत होते, सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्या मागं मागं जायची. दुपारी विळे बाजूला ठेवून सगळ्या भाकरी खायला बसल्या की वहिनी हमखास म्हणायची, "एवढ्या मोठ्या माळावर टेकायला एक झाड न्हाय." दर वर्षी तेच वाक्य. घरी येऊन दादालाही ती तेच ऐकवायची, आणि तो हसून म्हणायचा, रिटायर झालो की लावतो.

ती गेल्यावर त्याच्या मनात तेवढंच राहिलं.

आक्काचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी स्कूटी काढली आणि उचगाववरून गावाकडं गेले. माळ लांबूनच दिसला, कारण आजूबाजूच्या पिवळ्या गवतात तेवढाच तुकडा तांबडा झाला होता. जेसीबीनं वरचं गवत मातीसकट खरडून बांधाला ढिगारा करून लावलं होतं. सबंध माळावर ओळीनं खड्डे होते आणि खड्ड्यांच्या कडेला काळ्या पिशव्यांतली रोपं. आंबा, चिंच, वड, कडुनिंब, गुलमोहर. भोवतीनं तारेचं कुंपण घालायचं काम चालू होतं. फक्त वरच्या कोपऱ्यात, जिथं मोठे दगड आहेत आणि जेसीबी चढू शकला नाही, तिथं थोडं जुनं गवत राहिलं होतं.

दादा एका खड्ड्यात उतरून कुदळीनं तळ खणत होता. मला बघून वर आला. घामानं भिजला होता, पण चेहरा मोकळा होता. वहिनी गेल्यापासून तो दिवसचे दिवस सोप्यात नुसता बसून असायचा, जेवायला हाक मारली तरी उशिरा उठायचा. त्या दिवशी त्यानं मला सगळा माळ फिरवून दाखवला, कुठं आंबे येणार, कुठं वडाखाली पार बांधणार.

मी तिथंच गप्प बसायला हवं होतं, असं मला आजही वाटत नाही. मी कॉलेजात जे शिकवते ते त्याला माहीत नसणार होतं. मी त्याला सांगितलं की हा माळ उजाड नव्हता, तो गवताचा होता. इथं वीतभर मातीत वड धरणार नाही. गवताची मुळं ती माती धरून बसली होती, आता पहिल्या जोराच्या पावसात ती ओघळीनं खाली जाईल. झाडं लावायची तर खाली ओघळीजवळ लाव, तिथं माती खोल आहे. वरचं आहे तसं राहू दे.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग कुदळ खाली ठेवून म्हणाला, "म्हंजे तिच्यासाठी झाड लावायचं न्हाय, असं म्हणायलीस तू?"

मी तसं म्हणत नव्हते. पण त्याला जे ऐकू आलं ते तेच होतं, आणि त्याच्यापुढं मातीची खोली घेऊन उभं राहण्यात काही अर्थ नव्हता. आम्ही चहाही न घेता निघालो. तो घरी, मी कोल्हापुरात.

नंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. मी केला तर दोन शब्द बोलून ठेवून द्यायचा. मी घरात चिडचिड करायला लागले. एकदा जेवताना माझे मिस्टर म्हणाले की तू बोललीस ते बरोबर असेल, पण त्याला आता बरोबर काय याची गरज नाही, पाणी उचलायला माणूस पाहिजे. मला आधी राग आला. पुढच्या रविवारी मी जुना पंजाबी ड्रेस घातला आणि गेले.

दादानं विचारलं नाही का आलीस. एक कॅन माझ्याकडं सरकवला.

उसाच्या विहिरीवरून पाइप अर्ध्या चढापर्यंत यायचा, त्याच्या पुढं कॅन भरून न्यावे लागायचे. दादा लुनाच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून वर न्यायचा, मी वरून खड्ड्याखड्ड्यात ओतायची. ही झाडं जगणार नाहीत असं मला मनातून वाटत होतं, आणि तरी मी प्रत्येकाच्या बुंध्याला हात लावून माती दाबत होते. त्यात खोटं काही वाटलं नाही. वहिनीनं मला दहावीच्या परीक्षेला पहाटे उठवून चहा करून दिला होता, पहिल्या बाळंतपणात ती माझ्या उशाला बसून होती. तिच्यासाठी पाणी ओतायचं तर त्याला झाड कोणतं आणि माती किती, हे बघायची गरज नव्हती.

पावसाळ्यात रोपांना पालवी आली आणि दादा खूश झाला. त्यानं मला मोबाइलवर फोटो पाठवले. खरडलेला तांबडा माळ आता सगळा हिरवा दिसत होता. त्यानं खाली लिहिलं होतं, बघ, गवत पण आलं. जाऊन बघितलं तर ते गवत नव्हतं. बहुतेक सगळं गाजर गवत होतं, नावापुरतं गवत, आणि मध्ये मध्ये टाकळा आणि एकदांडी. उघडी पडलेली जमीन आधी अशाच वनस्पती गाठतात. त्यांचं बी रस्त्याकडेला, बांधावर कायम तयार असतं, जागा मिळाली की त्या धावत येतात. टाकळा, एकदांडी अशांनी जमीन थोडी झाकली, थोडी सावरली, की मग त्यांच्यामागून गवतं यायला लागतात, आधी एका वर्षात संपणारी आणि शेवटी वर्षानुवर्षं त्याच जागी राहणारी. पण त्याला वेळ लागतो, आणि गाजर गवत मोकळं सोडलं तर ते मागच्यांना जागाच देत नाही. मी हे त्याला सांगितलं, पण या वेळी खड्ड्यात बसून गाजर गवत उपटता उपटता सांगितलं. तो "व्हय, व्हय" करत राहिला.

उन्हाळ्यात झाडं जायला लागली. आधी गुलमोहर, मग आंबे. चिंचेला वाळवी लागली. दादानं औषध मारलं, पाणी वाढवलं, गेलेल्या जागी नवी रोपं आणून लावली. पुढच्या उन्हाळ्यात तीही गेली. प्रत्येक वाळलेलं झाड तो दोन्ही हातांनी हळू उपटायचा आणि मुळं बघायचा. मुळं खड्ड्याच्या तळाला जाऊन कातळावर आडवी पसरलेली असायची, ताटात शेवया वाढल्यासारखी.  जवळच्या बांधावर काठ्यांसारखी सगळी ओळीनं ठेवायचा.

एवढ्या दिवसांत आक्का माळाकडं फिरकली नव्हती. कुंपण घातल्यापासून तिनं दादाशी बोलणंच टाकलं होतं. तिच्या म्हशींचा दिवाळीनंतरचा चारा या माळावरचा असायचा, तो गेला. गल्लीत समोरासमोर आली तरी ती मान वळवून जायची, दूध मात्र रोज न चुकता त्याच्या दारात ठेवून जायची.

एका संध्याकाळी आम्ही पाणी घालत होतो आणि ती कुंपणाच्या तारेपलीकडं येऊन उभी राहिली. डोक्यावर रस्त्याकडेला कापलेल्या हिरव्या चाऱ्याचा लहानसा भारा होता. तो खाली टाकून तिनं बांधावरच्या वाळक्या झाडांची ओळ बघितली. मला वाटलं आता ती भांडणार. ती तार वर उचलून आत आली आणि दादासमोर उकिडवी बसली.

"भावजी, एक बोलू का? तुमची बायको सावली मागत न्हवती."

दादा कॅन धरून तसाच उभा राहिला.

"घरात पहाटंपासनं रात्रीपातूर तिला बूड टेकायला मिळायचं न्हाय. सासऱ्याचं दुखणं, म्हशी, रानातलं काम. गवत कापायच्या दिवशी दुपारचं काय ते बसायला मिळायचं. बसली की झाड न्हाय, झाड न्हाय म्हणून कुरकुरायची, आणि मी ऊठ म्हटलं की उठायची न्हाय. थांब की ग, म्हणायची. त्या दगडांपाशी बसायचो आम्ही, तिथं." तिनं वरच्या कोपऱ्याकडं हात केला. "भादव्यात गौरीला तेरडा न्यायच्या निमित्तानं मला घेऊन यायची. तेरडा खाली ओघळीलाच मिळायचा. पण ती वर यायची. पिवळी सोनकी, ती बारकी निळी फुलं, सगळी वाकून वाकून बघत हिंडायची. तिला हे असंच आवडायचं."

 मग दादानं विचारलं, "मला का न्हाय सांगितलं तिनं कधी?"

"तुम्ही कारखान्यात असायचा की," आक्का म्हणाली. ती टोचून बोलली नाही. जे होतं ते सांगावं तसं सांगितलं.

ती भारा उचलून गेली. दादा कॅन तिथंच ठेवून वर दगडांपाशी गेला आणि एका दगडावर बसला. मी खालीच थांबले. थोड्या वेळानं त्यानं हाक मारली म्हणून वर गेले. त्याच्या मुठीत माती होती. मोल्डिंगची वाळू कामाची आहे का नाही, हे तो आयुष्यभर मुठीत दाबून बघत आला होता. दाबून मूठ उघडली की वाळूचा गोळा राहिला पाहिजे, सुटला तर ओल कमी. त्यानं गवताच्या जुन्या ठोंबाखालून माती काढून दाबली होती आणि ऐन उन्हाळ्यात तिचा गोळा राहिला होता. मग तो चार पावलं खाली, खरडलेल्या जागेत गेला आणि तिथला मुरूम दाबून बघितला. मूठ उघडताच तो बोटांतून गळून गेला.

"एवढ्याशा मातीत वल हाय," तो गवताकडं बघत म्हणाला. "आणि आपण खालनं कॅन भरून आणायलोय."

 त्याला माझं बोलणं तेव्हा नको होतं आणि त्याची गरजही नव्हती. घरी जाताना मात्र त्यानंच विचारलं, की पुन्हा तसं करता येतं का. मी म्हटलं, होय, पण आपल्या हातानं थोडंच होईल, बाकीचं गवतावर सोडावं लागेल. तो म्हणाला, "सोडू की."

नंतरच्या कामात माझं शिक्षण थोडं कामाला आलं आणि घाम जास्त आला. पाऊस लागायच्या आधी आम्ही बांधाचा ढिगारा फोडला. त्यात जेसीबीनं खरडलेली माती होती, गवताची जुनी मुळं होती आणि बीही होतं. ढिगाऱ्यावर गवत माजलंही होतं. ती माती घमेल्यांनी उचलून आम्ही खड्डे बुजवले आणि उरलेली माळावर पसरली. आक्का दुसऱ्या दिवसापासून आली, कुणी बोलावलं नव्हतं. तिनं दादाला सांगितलं की घमेलं असं वाकून उचललंत तर उद्या अंथरुणातून उठणार नाही तुम्ही, आणि त्याच्या हातातलं घमेलं काढून घेतलं. दोघांचं बोलणं अशा रीतीनं सुरू झालं.

पाऊस लागल्यावर आम्ही दगडांजवळच्या जुन्या गवतातून मारवेलाचे ठोंब काढले, फार नाही, कडेकडेनं, आणि उघड्या जागेत लावले. मारवेल म्हणजे म्हशी खातात ते गोडसर, मऊ गवत. ते ठोंबानं चांगलं लागतं. गाजर गवत मात्र फुलावर यायच्या आत उपटावं लागायचं, कारण एकदा फुललं की पुढच्या वर्षी दसपट. दादा रोज सकाळी हातमोजे घालून जायचा आणि एक एक पट्टी साफ करत यायचा. त्याच्या हातांना आधी खाज सुटली, मग मी बिगारी वापरतात तसे लांब मोजे आणून दिले.

दिवाळीनंतर आक्का विळा घेऊन आली. कुंपण तोवर दादानं स्वतःच काढलं होतं. कोपऱ्यात गवत बरं आलं होतं, पण बी अजून पक्कं झालं नव्हतं. दादानं तिला थांबायला सांगितलं. ती म्हणाली की पार वाळून काडी झाली की म्हशी तोंड लावत नाहीत. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी असं ठरलं की अर्धं तिनं आता कापायचं आणि अर्धं बी गळून पडल्यावर. पुढच्या वर्षी उलट, आता कापलेलं थांबवायचं. मला बरं वाटलं. गवताळ माळाला कापणी लागतेच. नुसता राखून ठेवला तर जुनं वाळलेलं साचून खालचं नवं गुदमरतं. बी पक्कं झाल्यावर आम्ही तिघांनी ते ओरबाडून पोत्यात भरलं. कुसळी गवताचं बी साडीत, पायजम्यात, मोज्यांत घुसायचं, घरी गेल्यावर तासभर कुसळं काढत बसायला लागायचं. आक्का म्हणायची, हे बी आपल्याला पेरायची गरज नाही, तेच आपल्याला घेऊन फिरतंय.

पुढच्या पावसाळ्यात गाजर गवत कमी झालं आणि कुसळी चांगलीच पसरली. त्याच्या पुढच्या वर्षी कुसळीमध्ये मारवेलाचे ठोंब रुंद झालेले दिसले, आणि पवन्या, चाऱ्याचंच दुसरं गवत, जो आम्ही लावलाच नव्हता, तोही दोन-चार जागी उभा राहिला. कोपऱ्यातून वाऱ्यानं आला असणार. दादा मला फोन करून वर्णन सांगायचा, पान कसं, कणसाचा रंग कसा, आणि मी नाव सांगायची. कधी मी विचारायची, किती उंच, आणि तो म्हणायचा, थांब, उभा राहून बघतो.

मग एका उन्हाळ्यात माळ जळाला.

खालच्या बाजूच्या शेतात ऊस तुटून गेला होता आणि आमच्या भाऊबंदांपैकी एकानं पाला पेटवला. दुपारचं वारं फिरलं आणि जाळ बांध ओलांडून वर आला. वाळलेल्या गवताला पेटायला किती वेळ लागणार. मी कॉलेजात होते, आक्काचा फोन आला तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. मी पोचेपर्यंत सगळं विझलं होतं. माळ काळा होता आणि त्यावर पांढरी राख उडत होती. दगड तेवढे उघडे पडले होते. जगलेली जी दोन-तीन झाडं वर होती, तीही करपली. दादा बांधावर बसला होता. त्याच्या पायाला भाजलं होतं, तो आणि आक्का ओल्या पोत्यांनी आग झोडपत होते म्हणे. आक्कानं त्याच्या पायावर ताक ओतलं होतं आणि ती त्याच्याशेजारी बसून होती.

"आता सांग," तो मला म्हणाला, "हे बी तुझ्या पुस्तकात असंल."

पुस्तकात होतं. पण त्या काळ्या माळाकडं बघून मलाही छातीठोक सांगवेना. मी पुढं जाऊन एका जळालेल्या ठोंबाची काळी टोकं हातानं बाजूला केली आणि मुळाशी नख लावलं. आत पांढरं, ओलसर होतं. मी तो भाग तोडून त्याच्याकडं नेला. त्यानं तो बोटांनी दाबून बघितला आणि खिशात ठेवला. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं.

दोन दिवसांनी तो भाऊबंद घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, आत येईना. दादानं त्याला बसवलं आणि मला चहा टाकायला सांगितलं. तो माणूस सारखा म्हणत होता की वारं असं फिरेल असं वाटलं नव्हतं. दादा म्हणाला की वाऱ्याचं कुणाला कळतं. पुढच्या वर्षी पाला कुजवायचा असेल तर मी येतो मदतीला, आणि पेटवायचाच असेल तर आधी सांग, बांधाच्या कडेनं गवताचा पट्टा कापून घेऊ. एवढंच बोलणं झालं. तो माणूस चहा पिऊन गेला आणि जाताना दादाच्या पायाकडं बघत राहिला. पुढच्या वर्षी त्यानं पाला पेटवला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

पावसानंतर माळ पुन्हा उगवून आला. जळालेल्या प्रत्येक ठोंबाच्या मधोमध हिरवं आलं, आणि राखेमुळं असेल किंवा ऊन सरळ मातीवर पोचल्यामुळं असेल, आजवर न दिसलेली फुलंही त्या वर्षी आली. दादा पायाच्या जखमेमुळं महिनाभर वर जाऊ शकला नव्हता. तो पहिल्यांदा गेला तेव्हा मी सोबत होते. तो चढ चढताना तीनदा थांबला. गवतातून टिटवी ओरडत उठली आणि आमच्या डोक्यावरून फेऱ्या मारायला लागली. खाली कुठं तरी तिची अंडी असणार, म्हणून आम्ही पाऊल जपून टाकत कडेनं परत फिरलो.

झाडांचं म्हणाल तर खाली ओघळीजवळ, जिथं माती खोल आहे, तिथं दादानं नंतर लावलेलं एक जांभूळ आणि एक करंज चांगलं धरलं आहे. वर एकही नाही. दादानं ते मनाला लावून घेतलं नाही. वहिनीविषयी तो आता बोलतो. आधी तिचा विषय निघाला की उठून जायचा. आता आक्का आणि तो भाकरी खाताना तिच्या गोष्टी सांगतात, आणि काही गोष्टी अशा निघतात की ज्या आक्काला माहीत आहेत आणि दादाला नाहीत, काही दादाला माहीत आहेत आणि आक्काला नाहीत. मी दोघांच्या मध्ये बसून ऐकते.

माळ काही पूर्वीसारखा झालेला नाही. खालच्या निम्म्या भागात अजून कुसळीच जास्त आहे, आणि ओघळीनं गेलेली माती परत आली नाही, तिथं कातळाचे डाग दिसतात. रस्त्याच्या बाजूनं गाजर गवत दर वर्षी आत शिरायला बघतं. दादाचे गुडघे आता दुखतात, त्यामुळं उपटायचं काम बरंचसं आक्का आणि मी करतो. शेजारच्या गावचा एक गृहस्थ मध्यंतरी मारवेलाचे ठोंब मागायला आला होता, त्याला गावाच्या गायरानावर लावायचे आहेत. दादानं त्याला ठोंब दिले आणि वर तासभर बसवून सगळं सांगितलं, जेसीबी कसा घालायचा नाही इथपासून.

गेल्या भादव्यात त्याचा फोन आला, दगडांच्या खालच्या अंगाला नवीनच काही तरी आलंय. मी रविवारी गेले. वीतभर उंचीची एक वनस्पती होती, पानं गवतासारखी पण गवत नव्हे, आणि शेंड्याला जांभळट कळी. मी गुडघ्यावर बसून बराच वेळ बघितली. पिशवीतून भिंग काढलं. मला ती ओळखता आली नाही. फोटो काढून कॉलेजातल्या सहकाऱ्याला पाठवला, त्याचंही उत्तर आलं की बघून सांगतो. दादाला याचं फार आश्चर्य वाटलं. मला सगळी नावं येतात असं त्यानं धरलंच होतं.

मी म्हटलं, फूल उमललं की कळेल कदाचित. नाहीतर बी धरू दे, पुढच्या वर्षी बघू.

आक्का विळ्याला धार लावत बसली होती. तिनं विचारलं, "नाव राहू दे. म्हस खाती का तेवढं सांग."

तेही मला माहीत नव्हतं. दादानं एक काठी आणून त्या रोपाशेजारी रोवली, कापणीत विळा लागू नये म्हणून. मग धारा काढायची वेळ झाली म्हणून आक्का उठली, आणि आम्ही तिघं खाली उतरलो.